पुण्यात महापालिकेच्या जागेवर सामूहिक भाजीबाग: पहिल्या वर्षाची कामं

बाग करायची ठरली की लोक आधी जागा शोधत फिरतात. पुण्यात हा क्रम उलटा ठेवावा. आधी पाण्याचा नळ शोधा, मग एप्रिल-मेमध्येही शहरात असणारी पाच-सहा माणसं जमवा, आणि या दोन्हींच्या जवळ महापालिकेची जी जागा असेल ती बघा. रिकामे तुकडे शहरात पुष्कळ दिसतात. हौसेनं केलेली बाग वाळते ती जागेअभावी नाही, पहिल्या उन्हाळ्यात पाणी घालायला कोणी नसतं म्हणून.

ज्यांनी आजवर कुंडीत तुळस आणि कढीपत्ता याच्या पलीकडे काही लावलं नाही, पण गल्लीतल्या चार जणांना घेऊन सार्वजनिक जागेत भाजी पिकवायची आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मोजमाप म्हणून सगळीकडे एक गुंठा धरला आहे: 33 फूट बाय 33 फूट, म्हणजे 1089 चौरस फूट. पहिल्या वर्षी यापेक्षा मोठं काही अंगावर घेऊ नका. अर्धा गुंठा तर फारच छान.

जागा नक्की कोणाची?

‘सरकारी जागा आहे हो ती’ असं सगळेच सांगतात, पण सरकार एक नसतं. मुठा उजव्या कालव्याच्या कडेची पट्टी जलसंपदा विभागाची, ज्याला जुने लोक अजून पाटबंधारे खातंच म्हणतात. तिथे कुदळ मारायचा विचारसुद्धा नको. 27 सप्टेंबर 2018 ला पर्वतीच्या पायथ्याशी हाच कालवा फुटून दांडेकर पुलाच्या परिसरात घराघरांत पाणी घुसलं होतं. टेकड्यांवर वन विभाग, महापालिका आणि खासगी मालक यांचे तुकडे एकमेकांत गुंतलेले आहेत. शिवाय टेकडीवर मातीचा थर पातळ, पाणी नाही, आणि तिथलं गवत तसंच राहण्यात शहराचं जास्त हित आहे. पुणे आणि खडकी छावणीच्या हद्दीतला मामला संरक्षण खात्याकडे जातो, तोही सोडून द्या.

नदीकाठ मोह घालतो, कारण तिथे माती काळीभोर असते. निळ्या पूररेषेच्या आत, म्हणजे नकाशावर आखलेल्या पुराच्या पट्ट्यात, पावसाळ्यात काही राहील याची खात्री नाही. 25 जुलै 2024 ला खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. आणि पूर नसला तरी मुठेत सांडपाणी आहे. त्या पाण्यावर पालक पिकवून तो कोणाला देणार?

राहिल्या महापालिकेच्या जागा. यातही माझा क्रम ठरलेला आहे. सगळ्यात आधी चालू असलेल्या उद्यानाचा एखादा दुर्लक्षित कोपरा. शहरात महापालिकेची दोनशेहून जास्त उद्यानं आहेत आणि बहुतेकांत एखादी पडीक बाजू असतेच: मोडलेली घसरगुंडी, वाळलेलं लॉन, जुन्या कुंड्यांचा ढीग. तिथे कुंपण आहे, फाटक आहे, नळ आहे, माळीदादा आहेत, आणि रात्री कुलूप लागतं. या पाच गोष्टी रिकाम्या प्लॉटवर उभ्या करायला तुमचं वर्ष जाईल. दुसऱ्या क्रमांकावर महापालिकेच्या शाळेचं किंवा दवाखान्याचं आवार. शाळेत मुलं असतात हा मोठा फायदा, पण मे महिन्यात शाळा बंद असते हेही लक्षात घ्या. सुविधा क्षेत्र म्हणून राखलेले मोकळे प्लॉट, म्हणजे अ‍ॅमेनिटी स्पेस, सगळ्यात शेवटी. ते आरक्षित असतात आणि कधी तिथे दवाखान्याचं नाहीतर अग्निशमन केंद्राचं काम निघेल सांगता येत नाही.

मोठ्या लेआउटमध्ये 10 टक्के खुली जागा सोडलेली असते. ती खऱ्या अर्थानं सार्वजनिक नसून तिथल्या रहिवाशांची सामाईक असते. तुमच्या सोसायटीला अशी जागा असेल तर सर्वसाधारण सभेच्या ठरावावर काम भागतं. पुढचा अर्जाचा भाग वगळून थेट मातीपासून वाचा.

मालकी तपासायची तर पेठांमध्ये आणि जुन्या भागात सिटी सर्व्हे नंबरवरून प्रॉपर्टी कार्ड, आणि उपनगरांत, समाविष्ट गावांत सर्व्हे नंबरवरून सातबारा बघायचा. दोन्ही भूमी अभिलेखांच्या संकेतस्थळावर दिसतात. तो तुकडा विकास आराखड्यात कशासाठी राखला आहे हेही पाहून घ्या. कुठूनच उत्तर मिळेना तर माहितीच्या अधिकारात 10 रुपये भरून अर्ज करता येतो, 30 दिवसांत माहिती मिळायला हवी. पण ज्या अधिकाऱ्याकडून पुढे सहकार्य हवं आहे त्याच्याशी ओळख या अर्जानं करून घेऊ नये, असं माझं मत.

सूर्य आणि सावली डोळ्यांनी बघा. फळभाजीला रोज सहा तास ऊन लागतं, पालेभाजी तीन-चार तासांत भागवते. जूनमध्ये उन्हात असलेली जागा डिसेंबरात सावलीत जाऊ शकते, कारण तेव्हा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. 30 फूट उंच इमारतीची सावली पुण्यात डिसेंबरातल्या भरदुपारीसुद्धा सुमारे 27 फूट उत्तरेकडे पडते. म्हणजे तुमचा अख्खा गुंठा झाकायला तीन मजले जवळजवळ पुरे. आणि सावली देणाऱ्या झाडाच्या फांद्या परस्पर तोडायच्या नाहीत. महाराष्ट्रात 1975 च्या झाडांच्या संरक्षणाच्या कायद्यानुसार त्याला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते.

पाण्याचा हिशेब

एका गुंठ्यात वाटा, खताची जागा, मांडव सोडून प्रत्यक्ष वाफे साधारण 480 चौरस फूट बसतात, म्हणजे 45 चौरस मीटर. एप्रिलमध्ये दर चौरस मीटरला रोज पाच ते सहा लिटर पाणी धरा. झाले 225 ते 270 लिटर. निळा प्लॅस्टिकचा पिंप 200 लिटरचा असतो. तो एका दिवसालाही पुरत नाही. वर पाचोळ्याचं तीन-चार बोटं जाड आच्छादन केलं तर गरज बरीच उतरते, पण शून्य होत नाही.

हे पाणी कुठून येणार याचं उत्तर अर्ज करण्याआधी हवं. उद्यानात बोअरवेल असेल तर उत्तम. पिण्याचं पाणी बागेला घालू नये असा दंडक आहे आणि टंचाईच्या वर्षी तो कडक होतो, तेव्हा नळाच्या भरवशावर राहू नका. सांडपाणी प्रक्रिया केंद्राचं पाणी केळी, शेवगा, लिंबू अशा झाडांना चालेल. कच्ची खायची कोथिंबीर, मुळा, काकडी त्यावर घेऊ नका. शेजारच्या इमारतीच्या गच्चीचं पावसाचं पाणी टाकीत घेता आलं तर जून ते सप्टेंबर निभावतं, पण मे महिन्यापर्यंत ते टिकवण्याएवढी टाकी कोणाकडे नसते.

म्हणून माझा सल्ला: पहिल्या उन्हाळ्यात निम्मे वाफे चक्क रिकामे ठेवा, पाचोळ्याखाली झाकून. उरलेल्या निम्म्यांनाच पाणी घाला.

अर्ज: जागा मागू नका, काम मागा

महापालिकेची मिळकत कोणाला भाड्यानं किंवा ताब्यात द्यायची तर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातलं कलम 79 लागतं, आणि पुण्याची 2008 ची मिळकत वाटप नियमावली आहे. मग दर ठरवणं, निविदा, समितीचा ठराव. चार शेजाऱ्यांच्या भाजीबागेला हे झेपणारं नाही. तुम्ही ‘जागा द्या’ म्हणालात की फाइल त्या रस्त्याला लागते. म्हणून मागायचं ते एवढंच: जागा महापालिकेच्याच ताब्यात राहील, आम्ही अमुक कोपऱ्याची देखभाल करू आणि शोभेच्या झाडांऐवजी भाजी लावू. चौकातली बेटं, दुभाजक संस्थांना देखभालीला देण्याची पद्धत शहरात आहेच. त्याच धर्तीवर बोला.

अर्जदार कोण हेही महत्त्वाचं. ‘आम्ही काही नागरिक’ यापेक्षा नोंदणी असलेली संस्था बरी. त्यासाठी नवीन संस्था काढायची घाई नको. सात सभासद जमवून 1860 च्या कायद्याखाली नोंदणी करता येते, पण पुढे दरवर्षीचे हिशेब धर्मादाय कार्यालयात द्यावे लागतात. त्यापेक्षा जवळच्या सोसायटीचं, ज्येष्ठ नागरिक संघाचं किंवा महिला बचत गटाचं लेटरहेड घ्या. ज्येष्ठ नागरिक संघ सगळ्यात भारी: सकाळी सहाला बागेत हजर, कागदपत्रांची सवय, आणि क्षेत्रीय कार्यालयात पाठपुरावा करायला वेळ भरपूर.

भाजीच्या वाफ्यांसाठी छापील फॉर्म मिळेल या आशेवर जाऊ नका. साधा अर्ज लिहा. नमुना असा:

प्रति, मा. मुख्य उद्यान अधीक्षक, पुणे महानगरपालिका.
मार्फत: मा. महापालिका सहायक आयुक्त, … क्षेत्रीय कार्यालय.
विषय: … उद्यानाच्या ईशान्य कोपऱ्यातील सुमारे 1000 चौ. फूट भागाची लोकसहभागातून देखभाल करण्यास परवानगी मिळणेबाबत.
महोदय, सदर भाग सध्या वापरात नाही (छायाचित्रे व हातनकाशा सोबत). तेथे आम्ही स्वखर्चाने, विनामोबदला, सेंद्रिय पद्धतीने भाजीपाला लावू इच्छितो. जागेवर कोणताही हक्क सांगणार नाही, पक्के बांधकाम करणार नाही, उत्पन्नाची विक्री करणार नाही. उद्यान सर्वांसाठी पूर्ववत खुले राहील. उद्यानातील पालापाचोळा तेथेच जिरवू. आवश्यकता भासल्यास महापालिकेच्या सूचनेनंतर जागा पूर्ववत करून देऊ. परवानगी एक वर्षासाठी द्यावी, ही विनंती.

खाली दहा-पंधरा सह्या, प्रत्येकाचा पत्ता त्याच भागातला. दोन प्रती काढा आणि स्वतःच्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का मारून घ्या. शिक्क्याशिवाय दिलेला अर्ज दिला नाही असंच समजायचं. उद्यान विभागाचं मुख्य कार्यालय जंगली महाराज रस्त्यावर छत्रपती संभाजी उद्यानात आहे. क्षेत्रीय कार्यालयं शहरात 15 आहेत, आपलं कोणतं ते मिळकतकराच्या बिलावर बघून घ्या. मोहल्ला कमिटीच्या बैठकीत विषय मांडला तर इतिवृत्तात नोंद होते आणि ती पुढे उपयोगी पडते.

पालापाचोळ्याचं वाक्य अर्जात मुद्दाम घातलं आहे. अधिकाऱ्याला भाजीत रस असेलच असं नाही, पण उद्यानातल्या पाचोळ्याच्या पोत्यांचं करायचं काय हा त्याचा रोजचा प्रश्न असतो.

नळ, टाकी, कुंपण यांचा खर्च ‘नागरिकांच्या अर्थसंकल्पा’तून, म्हणजे महापालिकेच्या बजेटसाठी नागरिकांनी कामं सुचवायच्या सोयीतून, सुचवता येतो. पुण्यात ही सोय 2006 पासून आहे. एका कामाला 5 लाखांपर्यंत रक्कम सुचवता येते आणि अर्ज साधारण ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमाराला मागवतात. आज सुचवलेलं काम पुढच्या आर्थिक वर्षात येईल, तेव्हा पहिल्या वर्षी त्यावर विसंबू नका.

नगरसेवकांना जरूर भेटा, उद्घाटनाला बोलवा. फ्लेक्स मात्र कोणाचाच नको. एका पक्षाचा लागला की बाग त्या पक्षाची होते आणि पुढच्या निवडणुकीनंतर तिला वाली उरत नाही. तसंच, कोपऱ्यात शेंदूर लावलेला दगड दिसू लागला तर त्याच आठवड्यात प्रेमानं हलवा. महिनाभरानं तो हलवणं तुमच्या हातात राहणार नाही.

माती: जानेवारीपासून मेपर्यंत

अर्ज डिसेंबरात दिला तर बरं पडतं. कारण पुण्यात जानेवारी ते मार्च पानगळ असते, आणि तुमची माती त्या पानांतूनच होणार आहे.

आधी तीन ठिकाणी दीड फूट खोल खड्डे घ्या. शहरातल्या सार्वजनिक जागेत पहिल्या फुटातच राडारोडा लागतो: विटांचे तुकडे, प्लास्टर, फरशी, थर्माकोल. त्याखाली मुरूम किंवा काळी माती. खड्डा पाण्यानं भरा आणि दुसऱ्या दिवशी बघा. पाणी अजून साचलेलं असेल तर पावसाळ्यात मुळं कुजणार, वाफे उंच करावे लागतील. राडारोडा फार असेल तर तो उपसत बसू नका, त्याच्या वर फूटभर उंचीचे वाफे भरा. रहदारीच्या रस्त्याला लागून जागा असेल तर धुरातलं आणि धुळीतलं काय काय पानांवर बसतं; तिथे कडेला मेंदी किंवा अडुळशाचं दाट कुंपण लावून पालेभाज्या आतल्या बाजूला घ्या.

मातीची तपासणी करून घ्या. सहा-सात ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखा वीतभर खोल खड्डा करून कडेची माती खरवडायची, सगळी एकत्र करून सावलीत वाळवायची, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत जायचे, शेवटी अर्धा किलो उरते ती पिशवीत. कृषी विभागाच्या मृद चाचणी प्रयोगशाळेत सामू (पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब आणि नत्र-स्फुरद-पालाश कळतं. शिसं वगैरे जड धातू नेहमीच्या चाचणीत येत नाहीत. जागेवर आधी गॅरेज, भंगाराचं दुकान असं काही असेल तर ती तपासणी वेगळी सांगून करून घ्या, नाहीतर त्या जागेचा नाद सोडा.

आपल्याकडची काळी माती मुळातच अल्कधर्मी, त्यात प्लास्टरचा चुना. चुलीची राखही अल्कधर्मीच, म्हणून ती ‘खत म्हणून चांगली’ असं कोणी सांगितलं तरी इथे हात आखडता घ्या.

पाचोळा जमवायला पैसे लागत नाहीत. पुण्यात ‘ब्राऊन लीफ’ नावाचा उपक्रम आहे, ज्यांच्याकडे पाने जास्त आहेत ते गरजूंना देतात. झाडणाऱ्या ताईंना सांगून ठेवलं तरी पोती दारात येतात. उघड्यावर पाला जाळायला बंदी आहे, त्यामुळे न्यायला कोणी आलं तर सोसायट्याही खूश असतात. निलगिरीची पानं घेऊ नका. बाकी सगळी चालतात. कोंबडजाळीचा तीन-चार फूट व्यासाचा पिंजरा करायचा, पानं भरायची, प्रत्येक फुटाला शेणकाल्याचं पाणी शिंपडायचं आणि पायानं दाबायचं. ओल राहिली तर जूनपर्यंत खालचा भाग काळा, भुसभुशीत होतो. ओला कचरा घालायचा असेल तर तीन भाग पानं, एक भाग कचरा. उलटं झालं की वास, माश्या, आणि वासाची तक्रार थेट क्षेत्रीय कार्यालयात. शिजवलेलं अन्न नकोच, उंदीर येतात.

वाफे चार फूट रुंद, दहा फूट लांब. चार फूट अशासाठी की दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचतो आणि वाफ्यात पाय द्यावा लागत नाही. असे बारा वाफे एका गुंठ्यात बसतात. मधल्या वाटा दोन फुटी, आणि एक मुख्य वाट तीन-साडेतीन फूट ठेवा. आजी-आजोबांना काठी घेऊन आणि व्हीलचेअरवरच्या माणसालाही आत येता आलं पाहिजे. वाफ्याच्या तळाशी वाळक्या फांद्या, नारळाच्या सोडणाचे तुकडे, मग पाचोळा, मग खत आणि माती निम्मी-निम्मी. पहिल्या पावसात हे चार बोटं खाली बसतं. बसू द्या, वरून पुन्हा भरा.

जीवामृत, म्हणजे मातीला द्यायचं शेण-गोमूत्राचं आंबवण, करायचं तर एकराच्या प्रमाणाला 40 नं भागलं की गुंठ्याचं प्रमाण निघतं: पाच लिटर पाणी, पाव किलो ताजं शेण, पाव लिटर गोमूत्र, 50 ग्रॅम गूळ, 50 ग्रॅम बेसन, मूठभर चांगली माती. सावलीत दोन दिवस ठेवून सकाळ-संध्याकाळ ढवळायचं. इंटरनेटवर 200 लिटरची कृती वाचून कोणी पिंपच्या पिंप भरून ठेवतात आणि मग शेजारी नाक धरून भांडायला येतात.

काय लावायचं आणि कधी

पाऊस जूनच्या दुसऱ्या आठवड्यात धरला की मांडवावरचे वेल आधी: दोडका, दुधी, कारलं, घोसाळं. जमिनीवर भेंडी, गवार, चवळी. मेथी-कोथिंबीर जुलैच्या झडीत सडते, तिच्या मागे लागू नका. पावसाळ्यात पालेभाजी म्हणून माठ आणि अंबाडी घ्या. नळाखाली जिथे सारखी ओल असते तिथे अळू, त्याला कोणी विचारावंही लागत नाही. वांग्याची रोपं जून-जुलैत. पुण्यात बाग करताय तर मांजरी गोटा लावाच. गोल, जांभळं, पांढऱ्या रेषांचं हे वांगं आपल्या मांजरीच्या नावानंच ओळखलं जातं. भेंडीत परभणी क्रांती किंवा अर्का अनामिका घ्या. पांढऱ्या माशीमुळे पानं पिवळी पडतात, त्या केवडा रोगापुढे या जाती जास्त टिकतात.

खरी मजा ऑक्टोबरच्या मध्यापासून. उन्हाचा चटका ओसरला की मेथी, पालक, शेपू, कोथिंबीर, मुळा, चाकवत, कांद्याची पात, टोमॅटो, वाल, पावटा, आणि नोव्हेंबरात मटार. नवख्या गटाला धीर देणारी भाजी म्हणजे मेथी: 25 ते 30 दिवसांत हातात येते. एकदम सगळा वाफा पेरू नका. दर पंधरा दिवसांनी दोन फुटांची पट्टी पेरली तर डिसेंबर-जानेवारीभर पुरते. कोथिंबिरीसाठी धने चपलेखाली हलके रगडून दोन दळं करून घ्यायचे, तिला 40 दिवसांच्या आसपास लागतात. भेंडी पेरल्यापासून दीड महिन्यानं लागते आणि मग दिवसाआड तोडावीच लागते, नाहीतर जून होऊन काठी बनते. म्हणून भेंडीच्या वाफ्याची जबाबदारी रविवारीच येणाऱ्या माणसाला देऊ नये.

बी विकत घ्यायला मार्केट यार्डाच्या परिसरातली बियाण्याची दुकानं आहेत. पाकिटावरची मुदत वाचा. गुलाबी-निळा रंग लावलेलं बी औषध चोळलेलं असतं, ते मुलांच्या हातात देऊ नका. मेथी, धने, मोहरी, राजगिरा हे तर स्वयंपाकघरातल्या डब्यातूनच पेरता येतं. टोमॅटो, मिरची, वांगी यांची रोपं स्वतः करण्याचा हट्ट पहिल्या वर्षी नको. सोलापूर रस्त्याला मांजरी ते उरुळी कांचन भागात रोपवाटिका आहेत, ट्रेमधली जोमदार रोपं आणा.

झाडं फार लावू नका. शेवगा, लिंबू, कढीपत्ता, पपई एवढी पुष्कळ. शेवगा भराभर वाढून वाफ्यांवर सावली धरतो, त्यामुळे उत्तरेच्या कडेला. आंबा-फणस लावणाऱ्या उत्साही मंडळींना थोपवा. वर्षाच्या परवानगीवर पन्नास वर्षांचं झाड लावून जागेवर हक्क सांगितल्यासारखं दिसतं.

कीड, गोगलगायी, डास

रासायनिक औषध मारायचं नाही, हा नियम लिहून ठेवा, कारण सार्वजनिक जागेत कुठलं मूल काय तोडून तोंडात घालेल सांगता येत नाही. माव्यावर, म्हणजे पानांचा रस शोषणाऱ्या बारीक किड्यांवर, पाण्याचा फवारा आणि पाच टक्के निंबोळी अर्क: 50 ग्रॅम निंबोळ्या कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवायच्या, गाळून संध्याकाळी फवारायचं. रोगट झाड वाचवत बसण्यापेक्षा उपटणं स्वस्त पडतं.

पावसाळ्यातला खरा शत्रू म्हणजे मोठी आफ्रिकन गोगलगाय. एका रात्रीत अख्खी रोपवाटिका साफ करते. संध्याकाळी ओली गोणपाटं वाटेवर टाकायची. सकाळी त्याखाली गोळा झालेल्या गोगलगायी वेचून मिठाच्या पाण्यात. हातमोजे घातल्याशिवाय हात लावू नका, त्यांच्यात माणसाला अपाय करणारे परजीवी असू शकतात. पालेभाजी धुऊनच खायची हेही ओघानं आलं.

डासांबद्दल ढिलाई नको. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून उडण्यापर्यंत त्याला आठ-दहा दिवस पुरतात. आठवड्यातून एक दिवस सगळी पिंपं रिकामी करून घासायची, उरलेल्यांवर कापड बांधायचं. महापालिकेच्या कीटक प्रतिबंधक विभागाला तुमच्या पिंपात अळ्या सापडल्या तर नोटीस येते, आणि मग परवानगीच्या नूतनीकरणाच्या वेळी तीच फाइलमध्ये वर असते.

भाजी कोणाची?

परदेशात सार्वजनिक जागेचे तुकडे पाडून प्रत्येक कुटुंबाला एक देतात. पुण्यातल्या उद्यानात ते करू नये असं मला ठामपणे वाटतं. ‘हा जोशी काकूंचा वाफा’ म्हटलं की फिरायला आलेला माणूस विचारतोच, सार्वजनिक बागेत यांचा वाफा कसा? प्रश्न बरोबर आहे. वाफ्याची जबाबदारी वाटून घ्या, भाजी मात्र एकत्र काढा. रविवारी सकाळी जे कामाला आले त्यांनी जुडी-जुडी न्यायची. त्याआधी उद्यानाचे माळीदादा, सुरक्षारक्षक आणि झाडणाऱ्या ताई यांचा वाटा बाजूला. उरेल ते जवळच्या अंगणवाडीला. विक्री नाही, अगदी ‘खर्चापुरती’ही नाही. पैसे हातात आले की वापर व्यापारी ठरतो आणि अर्जातलं वाक्य खोटं पडतं.

चोरी होणार. भोपळा मोठा होण्याची वाट बघत होता तोच सकाळी गायब, हे ठरलेलं. कुंपणाच्या कडेला कढीपत्ता, गवती चहा, अळू लावा आणि जाणाऱ्या-येणाऱ्यांना ते घेऊ द्या. आतला माल त्यामुळे जरा वाचतो. पाटी लावायचा मोह आवरणार नाहीच, आपण पुण्यात राहतो. तर निदान मजकूर असा ठेवा: ‘रविवारी सकाळी 8 ला भाजी काढतो. यायचं असेल तर या.’ अशा पाटीनं माणसं मिळतात.

पाण्याच्या पाळ्या वहीत लिहा, व्हॉट्सअ‍ॅपवर नको. तिथे ‘मी घालतो’ म्हणून अंगठा दाखवणारे तिघे आणि प्रत्यक्षात गेलेलं कोणी नाही, असं हमखास होतं. वही नळापाशी डब्यात, घालणाऱ्यानं सही करायची. गणपती, दिवाळी आणि मे महिना या तीन वेळांची पाळी आधीच ठरवा, कारण तेव्हा अर्धा गट गावाला असतो. गणपतीत निर्माल्यही मागून घ्या: दोरे, प्लॅस्टिक, थर्माकोल काढलं की फुलं आणि दूर्वा पाचोळ्याच्या पिंजऱ्यात छान जिरतात.

परवानगी टिकवणं आणि जागा परत देणं

अधिकारी बदलतात. ज्या साहेबांनी होकार दिला ते बदलून गेले की नव्या साहेबांसाठी तुम्ही अनोळखी, प्रसंगी अतिक्रमण. म्हणून तोंडी होकारावर सुरुवात करू नका आणि लेखी परवानगीच्या तीन प्रती वेगवेगळ्या घरांत ठेवा. काम सुरू करण्यापूर्वीचे फोटो तारखेसह काढून ठेवा, दर महिन्याला त्याच कोनातून आणखी एक. तीन महिन्यांनी एक पानाचा अहवाल क्षेत्रीय कार्यालयाच्या आवकमध्ये द्या: किती पोती पाचोळा जिरवला, किती लोक आले, भाजी कुठे गेली. वर्ष संपायच्या दोन महिने आधी नूतनीकरणाचा अर्ज, जुन्या आवक क्रमांकाचा उल्लेख करून.

जागा परत मागितली तर भांडायला मुद्दा हातात नसतो, कारण हक्क सांगणार नाही हे आपणच लिहून दिलेलं आहे. उभं पीक निघेपर्यंत, म्हणजे साधारण महिना-दीड महिना, मुदत मागा. लेखी मागितली तर बहुधा मिळते. मांडवाचे बांबू, पिंपं, अवजारं यांची यादी पहिल्यापासून असेल तर वाद होत नाहीत. वाफ्यातली वरची वीतभर माती तुम्ही केलेली आहे, ती पोत्यांत भरून न्यायची परवानगी त्याच पत्रात मागून घ्या. कढीपत्ता आणि लिंबाची लहान रोपं पावसाळ्यात मुळांच्या गड्ड्यासकट हलवता येतात, शेवग्याची फांदी तोडून दुसरीकडे लावली तरी फुटते. जुनी जागा सपाट करून फोटो काढा आणि तो फोटो पुढच्या अर्जाला जोडा.